अनित्यता: अचानक आलेल्या बदलाला सामोरे जाताना

नोकरी सुटते, घरातील कर्ते माणूस जाते, आजारपण येते, गाव सोडावे लागते. असे प्रसंग सांगून येत नाहीत. बौद्ध कुटुंबांत ‘अनिच्च’ हा शब्द सर्वांच्या कानावर असतो, पण तो बहुधा अंत्यविधीला आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ऐकलेला असतो. खरे तर हा शब्द जगणाऱ्यांसाठी आहे. बदल झाल्यावर काय करायचे, हे तो शिकवतो.

अनित्यता म्हणजे काय?

पाली ‘अनिच्च’ म्हणजे अनित्य. अनिच्च, दुक्ख आणि अनत्त ही धम्माने सांगितलेली तीन लक्षणे (तिलक्खण) होत. जे जे कारणांच्या संयोगाने घडते, ते कारणे बदलली की बदलते. शरीर, नाते, पद, पैसा, राज्य यांपैकी कशालाही अपवाद नाही. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात पंचवर्गीय भिक्खूंपैकी कौंडिण्यांना सर्वप्रथम उमगले ते हेच. यात दैव नाही आणि ईश्वरी इच्छाही नाही, फक्त कार्यकारणभाव आहे.

दोन बाण

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात बाणाची उपमा येते. एक बाण लागल्यावर शरीराला वेदना होते. अज्ञानी माणूस त्यावर शोक करतो, छाती बडवतो आणि स्वतःला जणू दुसरा बाण मारून घेतो. पहिली वेदना तथागतांनी नाकारलेली नाही. नोकरी गेली तर घरभाडे थकणारच, माणूस गेले तर डोळ्यांत पाणी येणारच. ‘माझ्याच वाट्याला का?’, ‘आता सगळे संपले’ हा मात्र दुसरा बाण. तो थोपवणे आपल्या हातात असते.

सारिपुत्तांचे पात्र आणि चीवर

सारिपुत्तांचे निधन बुद्धांच्या हयातीतच झाले. श्रामणेर चुंद त्यांचे भिक्षापात्र आणि चीवर घेऊन श्रावस्तीला आले. ती वार्ता ऐकून आनंद खचले. तेव्हा बुद्धांनी त्यांना विचारले की, सारिपुत्त जाताना तुझे शील, तुझी समाधी, तुझी प्रज्ञा बरोबर घेऊन गेले काय? आनंदांना ‘नाही’ म्हणावे लागले. पुढे बुद्धांनी त्यांना स्वतःच स्वतःचा आधार होण्यास सांगितले.

या संवादात बदलाला सामोरे जाण्याची पद्धतच आहे. काय गेले, हे मान्य करायचे. मग काय उरले, हे मोजायचे. आणि जे उरले त्यावर उभे राहायचे.

बाबासाहेबांची मांडणी

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, सर्व संस्कार अनित्य आहेत असे मानणे म्हणजे धम्म, असे स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तेथे ते अनित्यतेतून निराशा काढत नाहीत. वस्तू नित्य आणि न बदलणाऱ्या असत्या, तर जीवसृष्टीचा विकासच थांबला असता, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

आपल्या समाजासाठी याचा अर्थ मोठा आहे. जातिव्यवस्था सनातन आहे, असे शतकानुशतके सांगितले गेले. पण जी व्यवस्था कारणांनी बनली, ती कारणे दूर केल्यावर मोडता येते. त्यामुळे अनित्यता मानणारा माणूस अन्याय मुकाट्याने सोसत नाही.

६ डिसेंबर १९५६ नंतर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अवघ्या ५३ दिवसांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. नवदीक्षित समाजावर याहून मोठा अनपेक्षित आघात कोणता असणार? तरी ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर, अंत्यसंस्काराच्या वेळीच, जमलेल्या जनसमुदायाला भदंत आनंद कौसल्यायन यांनी धम्मदीक्षा दिली. बाबासाहेबांचा ग्रंथही त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. बाबासाहेब गेले, पण २२ प्रतिज्ञा उरल्या. समाजाने जे उरले ते हाती घेतले.

आचरणात कसे आणावे?

* अंगुत्तर निकायात वार्धक्य, आजार, मृत्यू, प्रियजनांचा वियोग आणि आपल्या कर्माची जबाबदारी या पाच गोष्टींचे रोज चिंतन करण्यास सांगितले आहे. ते सुखाच्या दिवसांतच सुरू करावे.
* आनापानसती किंवा विपश्यनेत संवेदना उमटताना आणि विरताना पाहाव्यात. बदल तिथे स्वतःच्या शरीरावर अनुभवाला येतो.
* बदल आल्यावर दोन याद्या कराव्यात: काय गेले, काय उरले. दुसऱ्या यादीत शिक्षण, कौशल्य, आरोग्य आणि मदतीला येणारी माणसेही लिहावीत.
* बदल अन्यायाने लादला गेला असेल, तर दाद मागावी. मन शांत ठेवणे आणि हक्कासाठी लढणे यांत विरोध नाही.
* शोकात असलेल्याला पहिल्याच दिवशी ‘सगळे अनित्य आहे’ असे ऐकवू नये. मेलेले मूल कवटाळून आलेल्या किसा गोतमीला बुद्धांनी आधी उपदेश केला नाही. ज्या घरात कधी कोणी मेले नाही, तिथून मोहऱ्या आणायला सांगितले. दारोदार फिरताना सत्य तिचे तिलाच कळले.

विहारातील उपासक-उपासिकांनी अशा घरी जाऊन जेवणाचा डबा, मुलांची फी, कागदपत्रांची धावपळ एवढे जरी पाहिले, तरी बदलाचा भार एकट्यावर पडत नाही. संघाला शरण जाण्याचा रोजच्या जीवनातील अर्थ तोच आहे.