सेवाग्रामच्या कोठीची वही

बाजारहाट आणि रांधणे मुलींनी आईकडून उचलावे, मुलग्यांनी पाने वाढली की येऊन बसावे, ही आपली जुनी रीत. ती शाळेतून मोडण्याचा एक प्रयत्न वर्ध्यानजीक झाला.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. पुढे झाकीर हुसेन समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. त्यात सहावी-सातवीच्या मुलींना मूलोद्योगाऐवजी प्रगत गृहशास्त्र घेण्याची मुभा होती. मुलग्यांसाठी तशी तरतूद नव्हती. कागदावर तरी चूल मुलींकडेच राहिली.

सेवाग्रामात मात्र आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी स्वयंपाकघरालाच वर्ग केले. मुलगे-मुली पाळीपाळीने धान्य निवडत, रांधत, भांडी घासत. ठरलेल्या खर्चात सर्वांना चौरस आहार कसा द्यायचा, हा गणिताचा आणि आरोग्यशास्त्राचा एकत्रित धडा. १९४५ नंतर उत्तर बुनियादीची मोठी मुले आली आणि शेतातले पीक, कोठी, पंगत असा सगळा हिशेब त्यांच्या अभ्यासात आला.

रांधायला हात लागतात. पण काय संपत आले, किती आणायचे, पैसे पुरतील का, हे सतत डोक्यात वागवावे लागते. घरोघरी ते ओझे बाईनेच वाहिले. सेवाग्रामने ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलग्याच्याही वहीत उतरवले. नई तालीमची चर्चा आपण टकळीभोवती पुष्कळ केली. ही वही मात्र मिटूनच ठेवली.