अटी मान्य, नकार अमान्य

आपल्या बॅचला यंदा चाळीस वर्षं झाली. स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा सहलीच्या, स्नेहसंमेलनाच्या, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-आवळ्यांच्या आठवणी लिहाव्यात असं आधी वाटलं. पण त्या तुम्ही सगळे लिहिणारच. मी पडले इतिहासाची मास्तरीण, म्हणून इतिहासच लिहिते. फक्त या इतिहासाची सुरुवात आपल्याच शाळेच्या व्हरांड्यात होते.

१९८६च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि मला त्या काळच्या मानाने चांगले मार्क पडले. चांगले मार्क म्हणजे सायन्स, हे न बोलता ठरलेलं असायचं. मला मात्र इतिहास शिकायचा होता. पेढा घ्यायला आलेला प्रत्येक जण सल्ला देऊन गेला. ‘इतिहास शिकून पोट भरतं का?’ असं एका नातेवाइकांनी विचारलं. दुसऱ्यांनी ‘बारावी करून डी.एड. कर, मुलींना ते बरं, नोकरी लगेच लागते,’ असा तोडगा काढला. यातलं कुणी माझ्या वाइटावर नव्हतं. म्हणूनच त्यांना नाही म्हणणं जड जात होतं.

शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आले तेव्हा इतिहासाच्या बाई व्हरांड्यात भेटल्या. ‘काय ठरलं गं?’ एवढंच त्यांनी विचारलं आणि मला रडू आलं. बाईंनी मला स्टाफरूमबाहेरच्या बाकावर बसवलं आणि एक गोष्ट सांगितली.

१९७५ साली कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा बाई नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या. आणीबाणीचे दिवस होते, आणि दुर्गाबाई त्या व्यासपीठावरून ज्या निर्भयपणे बोलल्या ते बाईंनी मांडवात बसून ऐकलं होतं. तेव्हापासून दुर्गाबाईंविषयी मिळेल ते त्या वाचायच्या. त्यातूनच त्यांना दुर्गाबाईंच्या धाकट्या बहिणीचा पत्ता लागला. ‘तिला बंगळूरच्या मोठ्या संस्थेत मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटून बसली. शेवटी त्यांना घ्यावं लागलं. पुढे ती केंब्रिजची डॉक्टर झाली,’ बाई म्हणाल्या. ‘आता डोळे पूस आणि घरी जाऊन नीट बोल.’

मी घरी जाऊन बोलले. पुढे इतिहासाची पदवी घेतली, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.ए. केलं आणि शिकवायला लागले. अनेक वर्षांनी कमला सोहोनी यांच्याविषयी जे मिळालं ते नीट वाचलं, तेव्हा लक्षात आलं की बाईंनी सांगितलेली गोष्ट खरी होती, पण तिच्यातला एक महत्त्वाचा तुकडा गळला होता. तो तुकडा आज जोडायचा आहे.

कमला भागवत यांचा जन्म १९११चा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. जमशेटजी टाटांच्या देणगीतून १९०९ साली उभी राहिलेली ही संस्था लोकांच्या तोंडी ‘टाटा इन्स्टिट्यूट’ होती. मुलीने याच संस्थेत संशोधन करावं, ही तर घरचीच वाट. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. त्यांनी बंगळूरला अर्ज केला आणि तो नाकारला गेला. गुण कमी होते म्हणून नव्हे. बायका संशोधनाला लायक नाहीत, हे कारण होतं.

आता हे कुणाचं म्हणणं होतं ते बघा. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० सालचं नोबेल पारितोषिक मिळवलेले, पारतंत्र्यातल्या देशाची मान उंचावणारे, या संस्थेचे पहिले भारतीय संचालक. आपण गोष्ट सांगताना नेहमी नाउमेद करणाऱ्या माणसाला खलनायक करतो किंवा मूर्ख तरी ठरवतो. म्हणजे गोष्ट सोपी होते. पण इथे नकार देणारा माणूस देशातला सर्वांत मोठा शास्त्रज्ञ होता. विज्ञान म्हणजे काय हे त्यांना बावीस वर्षांच्या मुलीपेक्षा नक्कीच जास्त कळत होतं. ती मुलगी काय करू शकेल, हे मात्र त्यांना कळलेलं नव्हतं. कारण ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सल्ला देणाऱ्याचा अनुभव कितीही मोठा असला तरी तो मागे घडून गेलेल्याचा असतो, हे मला या प्रसंगातून कळलं.

कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि नकाराचं कारण त्यांनी थेट रामन यांनाच विचारलं. तो काळ गांधीजींचा. त्यांनी संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला.

बाईंनी सांगितलेली गोष्ट इथे संपत होती. गळलेला तुकडा याच्या पुढचा. तो प्रवेश साधा नव्हता, अटींवर होता. पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नव्हतं. कामाचा दर्जा रामन यांना पटला तरच पुढचं बघायचं. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करायचं. आणि तिसरी अट सर्वांत बोचरी: प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. म्हणजे एका मुलीच्या नुसत्या वावराने पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होईल, असं गृहीत धरलेलं होतं.

या अटी अपमानाच्या होत्या, आणि कमलाबाईंनाही तो अपमानच वाटला. उतारवयात एका सत्काराच्या वेळी त्यांनी तो बोलूनही दाखवला. पण तेव्हा त्यांनी अटी मान्य केल्या. ‘असल्या अटींवर मला तुमची संस्थाच नको,’ असं म्हणून त्या परत फिरल्या असत्या तर त्यांना कुणी दोष दिला नसता. पण मग प्रयोगशाळेचं दार त्यांच्यासाठी बंदच राहिलं असतं. त्यांनी नकार मानला नाही, परीक्षा मात्र मानली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हा फरक मला सोळाव्या वर्षी कळला नव्हता.

त्या वर्षात त्यांना एम. श्रीनिवासय्या यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. शिस्तीला कडक, पण विद्यार्थिनीची तळमळ ओळखणारे. दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर कमलाबाईंनी काम केलं. विषय साधा वाटतो, पण ज्या देशात गरिबाच्या ताटात प्रथिनांसाठी डाळीचा मोठा आधार असतो तिथे हा प्रश्न पोटाचा होता. वर्ष संपलं, रामन यांनी काम पाहिलं आणि त्यांना नियमित संशोधनाची परवानगी दिली. एवढंच नव्हे, संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९४० साली ॲना मणी याच संस्थेत खुद्द रामन यांच्या हाताखाली काम करू लागल्या. पुढे भारताच्या हवामान खात्यातल्या उपकरणांच्या कामात त्यांनी मोठं नाव मिळवलं. म्हणजे रामन यांचं मत बदललं, आणि ते वादाने नव्हे तर वर्षभराच्या कामाने बदललं, हे त्यांच्याही बाजूने नोंदवायला हवं.

१९३६ साली कमलाबाईंना एम.एस्सी. मिळाली. त्यानंतर त्या केंब्रिजला गेल्या. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळवलेले फ्रेडरिक हॉपकिन्स. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करताना त्यांना बटाट्यात ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य आढळलं. पेशीच्या श्वसनात, म्हणजे अन्नातून ऊर्जा मोकळी होण्याच्या साखळीत, या द्रव्याचा वाटा असतो. आपल्या रोजच्या भाजीतल्या बटाट्यातही ही साखळी चालू असते! १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम केलं, आणि कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना नीरेचा उपयोग होतो असं दाखवलं. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत पडून अन्नातली भेसळ ओळखायची कशी, हे त्यांनी सामान्य गृहिणींना सांगितलं. १९९८ साली त्या गेल्या. बटाटा, डाळ, दूध, नीरा, भेसळ. साऱ्या आयुष्याचं काम बघितलं तर सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच.

इथे इतिहासाची मास्तरीण म्हणून एक पथ्य पाळायला हवं. जी पोहोचली तिचीच गोष्ट आपण सांगतो. त्या दारावरून परत फिरलेल्या किती मुली असतील त्यांची नावं कुठल्या दप्तरात नाहीत. तेव्हा ‘कुणाचं ऐकू नका, मनाचं ऐका’ असा धडा या गोष्टीतून काढणं मला धाडसाचं वाटतं. कमलाबाईंच्या पाठीशी शिकलेले वडील होते, काका होते, आणि आत गेल्यावर एक न्यायी मार्गदर्शक मिळाला. ज्यांना यातलं काहीच मिळालं नाही, त्यांच्यात जिद्द कमी होती असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. आपल्या वर्गातही अशा मुली होत्या. कोण ते आपल्याला माहीत आहे.

आता माझी कबुली. गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी मला भेटायला आली. तिला मोडी शिकायची होती. जुनी कागदपत्रं वाचायची, त्यातच पुढे काम करायचं, असं तिच्या मनात होतं. वडील गवंडीकाम करतात. मी तिला म्हणाले, ‘बाळ, त्यात पोट भरत नाही. बँकेच्या परीक्षा दे.’ ती ‘हो मॅडम’ म्हणून गेली. बस स्टँडपर्यंत पोहोचले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की १९८६ साली पेढा खाऊन गेलेल्या नातेवाइकांचंच वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं होतं. तेही मी, जिचं पोट गेली तीस वर्षं इतिहासावर भरतंय!

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. ‘तू मोठी संशोधक होशील’ असं सांगणं खोटेपणाचं झालं असतं, ते मी सांगितलं नाही. एक वर्षाची अट घातली. अभ्यास सांभाळून रोज तासभर मोडी, आठवड्याला एक कागद वाचून त्याचं बाळबोध लिप्यंतर मला दाखवायचं, वर्षाच्या शेवटी दोघींनी बसून ठरवायचं. अपमानाची अट मात्र एकही नाही. ही रीत मला माझ्या वडिलांमुळे ठाऊक होती. ‘अकरावी आर्ट्सला कॉलेजात पहिल्या पाचांत ये, मग बघू,’ असं ते त्या जूनमध्ये म्हणाले होते. मी चौथी आले.

मुलीचे बत्तीस कागद झाले आहेत. सुरुवातीला एका ओळीला अर्धा तास लागायचा. परवा तिने एका जमिनीच्या तंट्याचा अख्खा कागद माझ्यासमोर न अडखळता वाचला आणि मीच एका शब्दापाशी अडले. पुढे काय होईल ते तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही. अजून काही महिने बाकी आहेत.

मित्रमैत्रिणींनो, आता सल्ला द्यायची पाळी आपली आहे. कुणाची मुलं, कुणाची नातवंडं आपल्यासमोर येऊन उभी राहतात. त्यांना हो म्हणता येत नसेल, तर निदान एक वर्ष द्या.

आणि बाई, मेळाव्याला तुम्ही येणार आहात असं कळलं. त्या दिवशी अटींचा भाग तुम्हाला माहीत नव्हता, की मी रडत होते म्हणून मुद्दाम सांगितला नाहीत, हे मला तुम्हाला विचारायचं आहे. चाळीस वर्षं राहिलंय. त्या मुलीलाही बरोबर घेऊन येते आहे.