पिक्चर गेला, पोस्टर उरलं

मंडळी, आजचा विषय जरा लांबून सुरू होतोय, थेट १९२४ पासून. त्या वर्षी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने एक मूकपट काढला, 'कल्याण खजिना'. होय, आपलंच कल्याण! १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हाचा तो खजिना आणि सुभेदाराची सून ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. (त्यात इतिहास किती आणि आख्यायिका किती, हा वाद वेगळा. आज त्यात शिरत नाही.) पिक्चर पार लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात गेला आणि पदक घेऊन आला.

आज तो कुणालाच बघता येत नाही. हरवला. उरलं ते पोस्टर. आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या सचित्र सिनेमा-पोस्टरांची गोष्ट निघाली की त्याचं नाव निघतंच.

हे सगळं आत्ता का? तर ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कॉलेजातली पोरं हल्ली स्वतःच गाणं करतात, स्वतःच शूट करतात आणि युट्यूबवर टाकतात. व्हिडिओच्या आधी आठवडाभर पोस्टर फिरत असतं. मग "दादा, कसं झालंय सांग ना" असा मेसेज येतो. आपण आवाज, कॅमेरा, एडिटिंग यावर दोन शब्द बोलतो आणि पोस्टरला "मस्त!" म्हणून मोकळे होतो. माझ्या मते इथेच आपण चुकतो, आणि ते का, हे बाबूराव पेंटरांकडे बघितलं की कळतं.

बाबूराव (१८९०-१९५४) मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. बंधू आनंदरावांबरोबर सिनेमाचा नाद लागला, पण कॅमेरा आणायचा कुठून? मग स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून ते काम १९१८ पर्यंत पुरं केलं. म्हणजे हार्डवेअर घरचं, ऑपरेटिंग सिस्टिम घरची आणि अ‍ॅप्लिकेशनही घरचं :-) त्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' निघाला, १९२० साली पुण्यात लागला. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते तेव्हाच.

आता मुद्द्याची गोष्ट. हा माणूस सेटची, कपड्यांची, पात्रांच्या हालचालींची चित्रं आधी स्वतः काढायचा, मग शूटिंग. आणि पोस्टरंही स्वतःच रंगवायचा. १९२१-२२ च्या सुमारास त्याने पिक्चरची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिकाही काढल्या. थोडक्यात, ज्या डोक्यातून पिक्चर निघाला त्याच डोक्यातून जाहिरात निघाली. कंपनीत सगळे सगळंच करत. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी इथेच काम करता करता शिकली, आणि १९२९ मध्ये बाहेर पडून त्यांनी 'प्रभात' काढली. तुतारी फुंकणारी ती बाई आठवते ना? पडद्यावर ती दिसली की पिक्चर कुणाचा ते सांगायला लागायचं नाही.

या नजरेने पोरांचं काम बघा. पहिला प्रश्न: पोस्टर आणि व्हिडिओ एकाच घरातले वाटतात का? हल्लीची निम्मी पोस्टरं सारखीच असतात. पाठमोरा गायक, अंगात हुडी, थोडा धूर, वाकडातिकडा फॉन्ट. आत गाणं मात्र फडके रोडवरच्या दिवाळी पहाटेचं! अशा पोस्टरने गाण्याबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त टेम्प्लेट वापरलं. त्यापेक्षा गाण्यातलीच एक चौकट उचलून लावली असती तर खरं वाटलं असतं.

दुसरा प्रश्न: पैसे नव्हते, ते कुठे दिसतं? ड्रोन नाही म्हणून दुर्गाडीच्या बुरुजावरून खाडी टिपली, तर ती अडचण कामाला आली. ड्रोनचा शॉट कुठून तरी ढापून जोडला असेल तर ती लगेच उघडी पडते. मार्क त्या बुरुजाला द्यायचे.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: उद्या व्हिडिओ गायब झाला तर नुसत्या पोस्टरवरून काय कळेल?

अतिशयोक्ती वाटते? भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यातले आज जेमतेम तीसेक उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत. नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, कुजायची. काही रिळं तर त्यातली चांदी काढायला वितळवली गेली. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह उभं राहिलं १९६४ मध्ये, तोवर उशीर झाला होता. "आता क्लाउड आहे की," असं म्हणाल. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल व्हिडिओ त्याआधीच, २०१२ मध्ये. २०१९ मध्ये तर मायस्पेसने जाहीर केलं की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंत अपलोड झालेली गाणी गेली. अंदाज होता पाच कोटी गाण्यांचा! त्यातली कितीतरी अशाच कॉलेजच्या पोरांची असणार. बॅकअप घेतला नाही की काय होतं, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणून आता कुणी "कसं झालंय" विचारलं की आधी पोस्टर झूम करून बघा. गाण्याचं नाव आहे, गायकाचं आहे. गीत कुणाचं? कॅमेरा कुणी धरला? पोस्टर कुणी काढलं? तारीख नुसती 'येत्या शुक्रवारी' आहे की वर्षासकट? तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी घालायला पाच मिनिटं लागतात. चित्र जरा कच्चं असलं तरी चालेल, नावं मात्र सगळी हवीत. गाणं विसरलं जाईल, चॅनेल बंद पडेल, पण कुणाच्या तरी फोनमध्ये ती एक जेपीजी राहील. तेव्हा ज्या पोरीने उन्हात उभं राहून कॅमेरा धरला होता, तिचं नाव त्यात असायला हवं.

असो. बाकी पुढच्या वीकेंडला.