कॉर्नफ्लॉवर

(लॅ. सेंटॉरिया सायनस, कुल-कंपॉझिटी). निळ्या फुलांकरिता बागेत बियांपासून लावण्यात येणारी ही वर्षायू (एका हंगामात जीवनक्रम पूर्ण करणारी) ओषधी मूळची आग्नेय यूरोप व भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशातील आहे. उंची सु. ३०–९० सेंमी.; खोड बारीक व चिवट; पाने अरुंद व लवदार. फुलोऱ्यातील (स्तबकातील) कडेची पुष्पके मोठी व वंध्य असतात. फळ शुष्क व एकबीजी असून व्यवहारात त्यालाच बी म्हणतात.

तूतांखामेन या ईजिप्शियन राजाच्या १९२२ मध्ये सापडलेल्या थडग्यातील पुष्पालंकारांत हिच्या निकटच्या सें. डिप्रेसा या जातीची फुले आढळली. यूरोपात मात्र कॉर्नफ्लॉवरचा प्रसार धान्यशेतीतील तण म्हणून झाला. मध्ययुगात शरद ऋतूत पेरल्या जाणाऱ्या राय धान्याची लागवड वाढली, तसे हे तणही वाढले. त्याचे बी पिकाबरोबरच पक्व होऊन धान्यात मिसळे व पुढील वर्षी शेतकऱ्याच्याच हातून पेरले जाई. चिवट खोडामुळे कापणीच्या वेळी विळ्याची धार बोथट होई. म्हणून इंग्रजीत त्याला ‘हर्टसिकल’ (विळ्याला इजा करणारे) असेही नाव पडले.

शेतातील या उपद्रवी वनस्पतीला बागेत मात्र लवकरच स्थान मिळाले. जॉन पार्किन्सन यांच्या १६२९ मधील उद्यानविषयक ग्रंथात तिच्या विविध रंगांच्या प्रकारांचा समावेश आहे. कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. एकोणिसाव्या शतकात जर्मन सम्राट पहिला व्हिल्हेल्म याचे आवडते फूल म्हणून ते प्रसिद्धीस आले. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये ते सैनिकांच्या स्मृतीचे प्रतीक ठरले, तर १९६८ मध्ये एस्टोनियाचे राष्ट्रीय पुष्प म्हणून निवडले गेले.

याच विसाव्या शतकात बियाणे स्वच्छ करण्याच्या सुधारित पद्धती व तणनाशके यांमुळे ब्रिटन व पश्चिम यूरोपातील शेतांतून ही वनस्पती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पुढे रानफुलांच्या बीजमिश्रणांतून तिची पुन्हा पेरणी होऊ लागली. तथापि बागेतील प्रकार निवडीने बदललेले असल्याने ते शेतातील मूळ वाणांची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाहीत.

लागवडीची रीत या पूर्वेतिहासाशी सुसंगत आहे. भरपूर ऊन व पाण्याचा चांगला निचरा असलेली, बेताची सुपीक जमीन पुरते. बी कायम जागीच सु. १ सेंमी. खोल पेरून मातीने झाकतात. रोपे विरळ करून त्यांत २०–३० सेंमी. अंतर ठेवतात. थंड देशांत शरद ऋतूत अथवा वसंतात पेरणी करतात. शरदातील पेरणीची झाडे अधिक जोमदार होतात. भारतातील मैदानी प्रदेशात हे हिवाळी हंगामाचे फूल असून पावसाळा संपताना बी पेरतात. सुकलेली फुले खुडल्यास बहर लांबतो. काही फुले झाडावर पक्व होऊ दिल्यास पुढील हंगामाकरिता बी मिळते.