घोडा चढविणे : अश्ववाहतुकीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित कौशल्य

प्रस्तावना

मोहिमांच्या इतिहासात ‘इतके घोडे जहाजांवर चढविण्यात आले’ अशा आशयाचे वाक्य वारंवार आढळते. वाचक ते ओलांडून पुढे जातो. वर्गात आम्ही अध्यापकही पुढे जातो. परंतु या कर्मणी वाक्यामागे कोणीतरी एका बिथरलेल्या जनावराला अनोळखी फळीवर पाऊल ठेवावयास शिकविलेले असते आणि त्या माणसाचे नाव बहुधा कोणत्याही दप्तरात सापडत नाही. प्रस्तुत निबंधात या कौशल्याचा मागोवा घ्यावयाचा आहे. घोड्याने वाहनात आपल्या पायांनी यावे की त्याला उचलून ठेवावे, आणि आत त्याने कोणत्या दिशेस उभे राहावे, हे प्रश्न वरकरणी तांत्रिक आहेत. तथापि त्यांची उत्तरे, प्रवास संपताच घोड्याकडून काय अपेक्षित आहे, यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

फळीसमोरचा घोडा

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे त्याला सभोवार पुष्कळ दिसते. मात्र नाकासमोरचे अगदी जवळचे आणि खालचे दिसत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याची नजर माणसापेक्षा सावकाश स्थिरावते. पळून जीव वाचविणाऱ्या या प्राण्याला अरुंद, अंधारी आणि पायांखाली पोकळ वाजणारी जागा सापळ्यासारखी वाटल्यास नवल नाही. त्यातच तो फळीसमोर तिरका उभा असला तर मागचा पाय कडेवरून घसरतो, आणि तो अनुभव त्याच्या दीर्घकाळ स्मरणात राहतो. म्हणून शिकविणाऱ्याचे पहिले काम घोड्याला चढविणे हे नसतेच. मान, पाठ आणि पुठ्ठा एका रेषेत येतील असे त्याला फळीसमोर सरळ उभे करणे, हे ते काम होय. मग एक पाऊल पुढे, थांबणे, पुन्हा एक पाऊल मागे. फळी आधी जमिनीवर टाकून तिच्या आवाजाची सवय करावी, चंदी आतल्या बाजूस ठेवावी, पुढे एखादा जुना, शांत घोडा न्यावा. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात, बळजबरीने करविलेली कृती घोडा समजून करीत नाही, असा विचार मांडला आहे. आजचे प्रशिक्षकही याहून फारसे वेगळे सांगत नाहीत.

युद्धाची निकड

थ्युसिडिडीजच्या वृत्तांतानुसार इसवी सनपूर्व ४३० मध्ये पेरिक्लीझच्या मोहिमेत ३०० घोडेस्वार नेण्यासाठी अथेन्सने जुन्या जहाजांचे प्रथमच अश्वनौकांत रूपांतर केले. इसवी सन ९६० मध्ये निकेफोरस फोकासचे बायझंटाइन सैन्य क्रीट बेटावर उतरले, तेव्हा जहाजांतून किनाऱ्यावर उतार टाकण्यात आले आणि शस्त्रसज्ज स्वार घोड्यांसह थेट जमिनीवर आले. १२०३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलसमोर व्हेनिसच्या जहाजांनीही आपली दारे अशीच उघडली. उतरताक्षणी लढावयाचे असेल तर घोडा गाठोड्यासारखा उचलून चालत नाही. त्याला स्वतः चालत बाहेर पडता आले पाहिजे.

१२४८ मध्ये मार्सेय येथे जहाजावर चढलेला झ्वँव्हील सांगतो की, जहाजाच्या कुशीतील दार उघडून घोडे आत घेतले गेले आणि मग पिंपाच्या फटी बुजवाव्यात तशा त्या दाराच्या फटी बुजविल्या गेल्या, कारण भर समुद्रात ते दार पाण्याखाली राहणार होते. दार कसे बुजविले ते कळते. त्या काळोख्या कुशीत पहिला घोडा कोणी नेला आणि कसा, हे मात्र कळत नाही.

व्यापाराची रीत

अरबी समुद्रावरील अश्वव्यापाराचा संबंध आपल्या किनाऱ्याशी निकटचा आहे. ठाण्याच्या राजाने समुद्रचाच्यांशी करार करून लुटीतील घोडे स्वतःकडे राखले होते, असे मार्को पोलो सांगतो. इसवी सन १४७० च्या सुमारास रशियन व्यापारी अफनासी निकितिन होर्मुझहून एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला, पुढे परत दिला, आणि अखेर बीदरला तो विकला गेला. घोड्यांना येथे काय चारतात याचीही नोंद निकितिन करतो. आपला घोडा होर्मुझच्या धक्क्यावरून तारवात कसा चढला, याविषयी त्याने चकार शब्द काढलेला नाही.

पुढील काळात मोठ्या जहाजांवर पोटाखाली जाड कापडाची झोळी बांधून, दोरखंडाने वा यारीने घोडा उचलण्याची रीत रूढ झाली. झोळीतील घोड्याला काही शिकवावे लागत नाही. पाय लोंबकळू लागले की त्याची बरीचशी धडपड थांबते. परंतु शिकवणुकीतून सुटका तेवढ्यापुरतीच. जहाज दोन्ही बाजूंस डोलते, म्हणून घोडा जहाजाच्या लांबीला आडवा उभा करणे श्रेयस्कर ठरले. तसे उभे राहिल्यास तो डोलण्याबरोबर भार पुढच्या व मागच्या पायांवर आलटून पालटून घेऊ शकतो. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे त्याचे समुद्रलागणे बाहेर दिसतही नाही. अनेक आठवडे अरुंद खणात उभे राहणे हेदेखील शिक्षणच होते.

गाडी आणि डबा

१८३६ च्या सप्टेंबरमधील एक प्रसंग येथे सविस्तर सांगणे अगत्याचे आहे. डॉनकास्टर येथील सेंट लेजर शर्यतीत एलिस नावाचा घोडा उतरणार होता, पण तो दक्षिणेस दूर गुडवूड येथेच असल्याची बातमी होती. शर्यतीचे घोडे तेव्हा पायी जात आणि इतके अंतर कापावयास सुमारे पंधरवडा लागे. तो पोहोचणार नाही असे गृहीत धरून पैज घेणाऱ्यांनी त्याचा भाव वाढविला. लॉर्ड जॉर्ज बेंटिंकने मात्र आतून गाद्या लावलेली एक बंदिस्त गाडी तयार करवून घेतली होती. सहा घोडे जोडलेल्या त्या गाडीतून एलिस आणि त्याचा सोबती ड्रमर वाटेत लिचफील्डला मुक्काम करून काही दिवसांतच डॉनकास्टरला पोहोचले, आणि एलिस शर्यत जिंकला. बेंटिंकचे चातुर्य प्रसिद्ध आहे. गाडी बांधणाऱ्या कारागिराचे नावही टिकले. ज्याने एका तरण्या, तापट घोड्याला त्या हलत्या पेटीत शांत उभे राहावयास शिकविले, त्याचा उल्लेख या कथेत सहसा येत नाही. सोबती घोडा बरोबर घेण्याची युक्ती त्याचीच असावी, असे मला नेहमी वाटते. पुरावा अर्थातच नाही.

आगगाडीने दिशेचा प्रश्न नव्याने उभा केला. फ्रेंच लष्करी डब्यांवर ‘माणसे ४०, घोडे (लांबीच्या दिशेने) ८’ असे लिहिलेले असे. कंसातील ते दोन शब्द म्हणजे अनेकांच्या अनुभवाचे सार होय. आगगाडीचा धक्का पुढून-मागून बसतो, जहाजाप्रमाणे बाजूने नाही. कागदावर ‘८’ लिहिणे सोपे. आठवा घोडा सात घोडे उभे असलेल्या डब्यात वळवून सरळ उभा करणे निराळे.

दक्षिण आफ्रिकेतील १८९९–१९०२ च्या युद्धात ब्रिटिशांनी तीन लाखांहून अधिक घोडे गमावले. समुद्रप्रवासाने थकलेली जनावरे विश्रांतीवाचून मोहिमेवर धाडली जात, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. घोड्यांच्या जहाजप्रवासावर कॅप्टन हेस यांचे स्वतंत्र पुस्तक १९०२ मध्ये निघाले, तोवर युद्ध संपत आले होते. त्यांतील पुष्कळ घोडे पोर्ट एलिझाबेथ बंदरात उतरले होते. २०२१ मध्ये या शहराचे नाव बदलले. १९०५ मध्ये तेथे उभारलेले घोड्यांचे स्मारक मात्र प्रसिद्ध आहे. त्यात घोड्यावर कोणी आरूढ नाही. एक साधा शिपाई गुडघ्यावर बसून घोड्यापुढे पाण्याची बादली धरून आहे. त्या शिपायाला नाव दिलेले नाही.