पाचोरा-जामनेर रेल्वे आणि आपला माल

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत घराण्यांच्या वंशावळी व कर्तबगार पूर्वजांची चरित्रे दरसाल येतात, आणि ती यावीतच. परंतु त्या पूर्वजांनी पिकविलेला कापूस कोणत्या वाटेने बाजारी गेला, हेही पुढील पिढीस ठाऊक असणे अगत्याचे आहे. म्हणून आमच्या पहूरवरून गेलेल्या पाचोरा-जामनेर रेल्वेचा वृत्तांत येथे थोडक्यात देत आहे.

रेल्वे येण्यापूर्वी खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांतून व लमाणांच्या बैलतांड्यांवरून घाट उतरून मुंबईस जाई. वाटेत महिने मोडत, पावसाने माल भिजे आणि भाडे मालाच्या मोलास येऊन भिडे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसास सोन्याचा भाव आला. त्याच दशकात जी. आय. पी. रेल्वेचा रूळ खानदेशातून पुढे सरकत होता. १८६५ साली थळघाटाची चढण रेल्वेखाली आली, १८६७ साली गाडी नागपुरास पोहोचली. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही गावे एकाएकी मुंबईच्या जवळ आली. जळगावची व्यापारी पेठ म्हणून जी भरभराट झाली, तिचे मूळ यात आहे.

मात्र जी गावे रुळापासून दूर राहिली, त्यांची स्थिती पूर्ववतच होती. जामनेर तालुक्याची काळी जमीन कापसाला उत्तम. परंतु पावसाळ्यानंतर त्याच काळ्या मातीच्या वाटेवर गाडीचे चाक आसापर्यंत रुते. ही अडचण पाचोरा-जामनेर फाट्याने दूर केली. १९१८-१९ च्या सुमारास सुरू झालेला हा मार्ग सुमारे ५६ किलोमीटर लांबीचा व अवघ्या अडीच फूट रुंदीचा होता. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा अशी स्थानके घेत ही गाडी जामनेरला जाई. लोक तिला प्रेमाने ‘पी. जे.’ म्हणत.

अडीच फुटांचाच रूळ का, असा प्रश्न मुले विचारीत. त्याचे उत्तर सोपे आहे. अरुंद मार्गास भराव कमी, रूळ हलके व पूल लहान लागतात. वळणेही आखूड घेता येतात. थोड्या मालाच्या मुलखात थोड्या भांडवलावर रेल्वे न्यावयाची, तर हाच उपाय होता. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराने १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेत याच रुंदीचा प्रयोग यशस्वी करून दाखविला होता.

परंतु स्वस्ताईची किंमत पाचोऱ्यास मोजावी लागे. तेथे साडेपाच फुटी मोठा मार्ग सुरू होई आणि छोट्या वाघिणीतील प्रत्येक डाग हमालांकरवी उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावा लागे. कापसाचे गठाण त्या काळी ३९२ पौंडांचे. दोन गठाणे म्हणजे एक खंडी. असा बोजा दोनदा हाताळला की हमाली दुप्पट, वेळ अधिक आणि नासधूस निराळी. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर हे सोसले. पुढे पक्के रस्ते झाले, मालमोटार शेताच्या बांधापासून गिरणीच्या दारापर्यंत एकाच भरणीत जाऊ लागली, तेव्हा मात्र छोट्या रेल्वेचा माल निसटला. आमचे पहूर तर जळगाव-अजिंठा हमरस्त्यावरच. राहिले ते उतारू. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे गाडी थांबली, ती अरुंद रुळावर पुन्हा धावली नाही. मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत नेण्याची योजना त्यानंतर मंजूर झाली आहे.

येथेच खरा विचार करावयाचा आहे. रुंद मार्ग झाला म्हणजे पाचोऱ्याची हमाली संपेल. परंतु तेवढ्याने आपला माल रेल्वेवर चढेल असे नाही. हल्ली मालगाडी बहुधा सबंध भरावी लागते. चाळीसहून अधिक वाघिणी व प्रत्येकीत साठ टनांच्या आसपास माल, म्हणजे एका खेपेस दोन हजार टनांच्या वर! एकट्या दुकट्या शेतकऱ्याचे अथवा व्यापाऱ्याचे हे काम नव्हे. आपल्याच जिल्ह्यातील रावेर-सावद्याच्या केळीउत्पादकांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. त्यांनी एकत्र येऊन वर्षानुवर्षे दिल्लीकडे रेल्वेने केळी रवाना केली. २०२० साली किसान रेल निघाली, तेव्हा थोडा माल पाठविण्याची मुभा व भाजी-फळांस भाड्यात निम्मी सवलत होती. तिचा लाभही त्यांनी घेतला, कारण माल एके ठिकाणी गोळा करण्याची शिस्त त्यांच्या अंगी आधीच होती.

तात्पर्य, नव्या मार्गावर केवळ उतारूंचा फलाट मिळाला म्हणून समाधान मानू नये. पहूर, शेंदुर्णी व जामनेर यांपैकी सोयीच्या ठिकाणी मालधक्का, मोटारी वळविण्याइतकी मोकळी जागा, पावसापासून निवारा देणारी वखार आणि मुख्य मार्गाबाहेर वाघिणी उभ्या करण्यासाठी जादा रूळ, यांची मागणी नकाशे कायम होण्यापूर्वीच केली पाहिजे. रूळ पडल्यावर जागा मागणे म्हणजे पेरणी उलटल्यावर बियाणे शोधणे होय. तसेच कापूस, मका, केळी यांचा एकत्रित साठा करणारी सहकारी व्यवस्था आपल्या तरुणांनी आतापासून उभारावी.

वाडवडिलांच्या काळी रेल्वे दारी आली ती दुसऱ्यांच्या विचाराने व दुसऱ्यांच्या हिशेबाने. या खेपेस हिशेब आपण मांडावा, आणि त्यात ज्ञातीपुरते न पाहता सर्व गावास बरोबर घ्यावे, एवढीच ज्ञातिबंधू-भगिनींस नम्र विनंती आहे.