चिकाचा चेंडू

बेळगावजवळच्या पिरनवाडीत रस्ता फुटतो. एक खानापूरकडे जातो, दुसरा किणये, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याच्या घाटात उतरतो. इकडच्या परसातला कच्चा चिकू तोडला की देठातून पांढरा चीक येतो आणि बोटांना चिकटून बसतो. गोल्फच्या स्वस्त चेंडूची कुळकथा अशाच चिकापासून सुरू होते. बेळगावचे गोल्फ मैदान ऑगस्ट २०२२ मध्ये गाजले ते बिबट्यामुळे. तो झाडीत दडला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा झाडीत गेलेला चेंडू सहसा परत मिळत नाही. म्हणूनच कधीमधी खेळणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो चेंडूच्या किमतीचा.

हा प्रश्न फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये पिसांचा चेंडू चाले. ओल्या कातड्याच्या पिशवीत उकडलेली हंसाची पिसे ठासून भरायची. उंच टोपीभर पिसे एका चेंडूत जात. वाळताना कातडे आकसे, पिसे फुगत आणि चेंडू दगडासारखा टणक होई. कसबी कारागिराचे दिवसाला तीन-चारच चेंडू व्हायचे, म्हणून एकाला अडीच शिलिंग किंवा त्याहून जास्त पडत. त्यात पाऊस आला की कातडे भिजून जड होई, शिवण उसवे.

मग आला गटापर्चा. मलय भाषेत ‘गेता’ म्हणजे चीक. मलायातल्या ज्या झाडाचा हा चीक, ते आपल्या बकुळीच्या, मोहाच्या आणि चिकूच्याच कुळातले. सिंगापूरमधले शल्यवैद्य विल्यम माँटगोमरी यांनी १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजमध्ये मात्र वेगळी गोष्ट सांगतात: पॅटर्सन घराण्याकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती फुटू नये म्हणून पेटीत गटापर्चाचे तुकडे भरले होते, आणि १८४५ च्या सुमारास घरातल्या रॉबर्टने ते गरम पाण्यात मऊ करून चेंडू वळला. गोष्ट घडलेली असो वा रचलेली, १८४८ पासून असे चेंडू विकले जाऊ लागले हे नक्की. किंमत साधारण एक शिलिंग. शिवाय चेंडू चेपला तर गरम पाण्यात टाकून पुन्हा वळता येई. ज्यांना पिसांचा चेंडू परवडत नव्हता, त्यांच्यासाठी खेळ या चिकाने उघडला.

कारागिरांच्या मात्र पोटावर पाय आला. ॲलन रॉबर्टसन हा त्या काळचा अव्वल खेळाडू आणि पिसांच्या चेंडूंचा नामांकित कारागीर; एकट्या १८४४ मध्ये त्याच्या दुकानात २,४५६ चेंडू तयार झाले. नव्या चेंडूवर त्याचा इतका राग की त्यावरून हाताखालच्या टॉम मॉरिसशी त्याचे बिनसले आणि मॉरिसने वेगळे दुकान थाटले. रॉबर्टसनची भीती खरी होती. हाताने शिवलेला चेंडू काही वर्षांत मागे पडला.

पुढचा शोध वापरातूनच लागला. नवाकोरा गुळगुळीत चेंडू हवेत लवकर खाली यायचा, तर मार खाऊन खडबडीत झालेला लांब जायचा. मग लोक हातोडीने मुद्दाम घाव घालू लागले. विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये खळग्यांच्या रचनेचे पेटंट घेतले. खळग्यांमुळे चेंडूलगतची हवा घुसळली जाते, पृष्ठभागाला जास्त वेळ धरून राहते आणि हवेचा रोध जवळपास निम्मा होतो. दरम्यान १८९८ मध्ये अमेरिकेतल्या कोबर्न हॅस्केल यांनी रबराचा ताणलेला धागा गुंडाळून चेंडू केला. चिकाचे राज्य संपत आले. तरी दातांच्या दवाखान्यात रूट कॅनालमध्ये गटापर्चा आजही भरतात.

आजचा स्वस्त चेंडू बहुधा दोनच भागांचा असतो: आत कृत्रिम रबराचा गाभा, वर आयोनोमर प्लास्टिकचे चिवट कवच. महागड्या चेंडूत तीन-चार थर आणि युरेथेनचे मऊ कवच असते. ग्रीनजवळच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीजवळच्या, छोट्या फटक्यात त्यामुळे चांगली फिरकी मिळते. ती फिरकी वापरण्याचे कसब हातात नसेल, तर जादा पैसे कशाला? नियम दोघांना सारखाच: वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको.

मुंबईत चेंबूरच्या गोल्फ क्लबातल्या कॅडींनी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणाऱ्यांनी, तर वस्तीच्या गल्लीत वाकवलेल्या लोखंडी सळईने आणि प्लास्टिकच्या चेंडूने हाच खेळ मांडला. पोलंडच्या एका छायाचित्रकाराने त्याची छायाचित्रे टिपली आहेत. खेळाची ओढ किती कमी सामानावर भागते, हे त्या गल्लीइतके दुसरीकडे क्वचित दिसेल.

स्वस्त चेंडू पारखायचे असतील तर दर खेपेला वेगळ्या प्रकारचा घेऊ नये. एकाच प्रकारचे डझनभर घ्यावेत आणि तेच खेळावेत, म्हणजे चूक हाताची की चेंडूची ते कळते. घरीही एक परीक्षा होते. भांडेभर पाण्यात चेंडू तरंगेल इतके मीठ विरघळवावे, चेंडू सोडून गिरकी द्यावी आणि स्थिर झाल्यावर वर आलेल्या जागी शाईची खूण करावी. पाच-सहा वेळा फिरवूनही तीच खूण वर येत राहिली, तर चेंडूची खालची बाजू जड आहे. तो सरावासाठी ठेवावा.